कॉफीच्या दट्ट्याचं माप

बदलापूर (पूर्व),
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
मनालीचा सप्रेम जय भीम, वि. वि.

हे पत्र कौसाबाईंच्या टोपलीतून येईल. त्या आमच्या इमारतीमागच्या वाडीतल्या. रोज सकाळी भाजी घेऊन तुमच्याकडे शिवमंदिराच्या रस्त्यावर बसतात, तेव्हा टपालापेक्षा त्याच बऱ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात गाठून पुढचं विचारतात.

बातमी अशी की तुमच्या जावयाने शेवटी कॉफीचं ते यंत्र आणलं. ऑफिस घरात आल्यापासून विक्रांतला एस्प्रेसोचा नाद लागलाय. एस्प्रेसो म्हणजे घोटभर कडू कॉफी, वाटीच्या तळाशी राहील एवढी. त्या घोटासाठी माझा मिक्सर ओट्यावरून खाली फरशीवर आला आहे. यंत्र आलं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं, पण मागोमाग रुखवत यायला लागलं. बिया दळायची चक्की, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा, दूध फेसवायचा स्टीलचा चंबू, वापरलेला चोथा आपटून काढायचा डबा, एक ब्रश, यंत्राच्या पोटातला क्षार काढायची पावडर. रोज एक पार्सल. खालच्या वॉचमनने परवा विचारलं की साहेब हॉटेल टाकतायत का.

आता कामाचं. यंत्राला एक चाळणीसारखी स्टीलची वाटी असते. तिच्यात कॉफीची भुकटी भरून दट्ट्याने घट्ट दाबायची, मग यंत्र वरून जोराने गरम पाणी सोडतं. भुकटी नीट दाबली गेली नाही तर पाणी कडेने पळतं आणि कॉफी पांचट होते. बरोबर आलेला दट्ट्या प्लास्टिकचा आहे, वाटीत डुगडुगतो. विक्रांत चांगला मागवणार होता. मी म्हटलं, ज्याच्या सासऱ्याने चाळीस वर्षं लेथ चालवला त्याने दट्ट्या विकत आणायचा म्हणजे शोभत नाही. साधारण पाच सेंटिमीटरचा लागेल. कराल का?

आईला जय भीम. तुमचा लोभ आहेच, तो काठोकाठ राहावा.

आपली,
मनाली


अंबरनाथ,
९ ऑगस्ट २०२४

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, सोबत अळूची जुडीही पोचली. तुझ्या आईने पत्राआधी अळू वाचलं.

'साधारण पाच सेंटिमीटर' हे तू लिहिलंस? कंपनीत तपासणी खात्यात बसतेस, लोकांचे तुकडे नापास करतेस, आणि बापाला साधारण माप पाठवतेस. मी आयुष्यात तोंडी माप घेतलं नाही आणि साधारण मापावर टूल लावलं नाही. वाटीचा आतला व्यास तीन ठिकाणी घे, कागदावर लिही, खाली सही आणि तारीख घाल, मग पुढचं बोलू. तुला दहाव्या वर्षी ओट्यावर बसवून व्हर्निअर शिकवला तो कशासाठी?

काम मिळालं हे बरं झालं. कैलासच्या दुकानात जातो मी दुपारी, कॅम्प नंबर तीनमध्ये. जीन्स शिवायच्या मशीनचे सुटे भाग करून देतो तो. माणूस भला आहे, पण गेले दोन महिने मला लेथवर उभं राहू देत नाही. म्हणतो, काका, तुम्ही नुसतं बघा. बघायला काय तिथे टीव्ही लावलाय? चहा पाजतो, खुर्ची देतो, आणि स्वतः काम करतो. खुर्ची ही फार वाईट वस्तू आहे. तुझ्या दट्ट्याच्या निमित्ताने त्याला म्हणता येईल की घरचं काम आहे, सरक बाजूला.

जावईबापूंना सांग की कडू कॉफीने पित्त होतं. लोभात कमीजास्त होऊ देऊ नये.

तुझा,
बाबा


बदलापूर,
१३ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

चूक कबूल. वाटीचा आतला व्यास तीन ठिकाणी: ५१.००, ५१.००, ५१.०२ मिलिमीटर. दट्ट्या ५०.८० हवा, म्हणजे सरकेल पण डुगडुगणार नाही. तपासलं: मनाली वि. साळवे, १३/८/२४.

एक तक्रार माझीही. तुमच्या मागच्या पत्रात ओळी उजवीकडे उताराला लागल्या आहेत आणि दोन ठिकाणी शब्दावर शब्द बसलाय. चष्म्याचा नंबर बघून घ्या. लहानपणी तुम्ही मला अशा अक्षरासाठी उठाबशा काढायला लावल्या असत्या.

लोभ ठेवालच, तो उताराला लागू नये.

आपली,
मनाली


अंबरनाथ,
२८ ऑगस्ट २०२४

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

दट्ट्या कौसाबाईंच्या टोपलीत मेथीखाली ठेवला आहे. त्यांनी हातात घेऊन विचारलं की हे वजन कशाचं. मी सांगितलं की जावयाची कॉफी दाबायला. त्या म्हणाल्या की शेराच्या वजनाने दाबून कॉफी प्यायची तर पोटात काय राहील.

खालचा भाग स्टेनलेस आहे, मूठ शिसवीची. कॅम्पात जुनं फर्निचर मोडतात तिथून पलंगाचा पाय आणला होता. कैलासने कुरकुर केली, पण मी ऐकलं नाही, आणि खरंच ऐकू येतही नाही, त्यामुळे भांडण झालं नाही. तीन दिवस लावले. बूड हाताने पॉलिश केलं, बोट फिरवून बघ, कुठे ओरखडा लागायचा नाही. मनाली, कारखाना सुटल्यापासून एवढा देखणा तुकडा माझ्या हातून झाला नव्हता. आई म्हणते मी हल्ली जेवताना बोलतो.

आता तुझं काम. मोजून आकडा कळव. 'छान आहे' नको, आकडा हवा. तुझा आकडा घेऊन मी कैलासला दाखवणार आहे. हात अजून शाबूत आहे हे त्याला माझ्या तोंडून खरं वाटत नाही, तुझ्या सहीने वाटेल.

लोभ मोजून नको, तो मोकळ्या हाताने असू दे.

तुझा,
बाबा


(हे पत्र पाठवलं गेलं नाही.)

बदलापूर,
१ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

दट्ट्या मिळाला. इतका सुंदर आहे की विक्रांत तो हातातून खाली ठेवत नव्हता.

पण बाबा, माप चुकलंय. वाटीत टाकला तेव्हाच कळलं, तरी मी शनिवारी कंपनीत नेऊन मायक्रोमीटरवर तीनदा घेतलं. ४९.८०. एक मिलिमीटर कमी. कडेला भुकटी मोकळी राहते, पाणी तिथूनच सुटतं, पहिल्याच कपाला भिंतीवर शिंतोडे उडाले.

तुमच्याकडून एवढी चूक होत नाही. शंभरात एक सुद्धा नाही. मला दट्ट्याची काळजी नाही, मला तुमच्या डोळ्यांची भीती वाटते. लेथजवळ जाण्याआधी डोळे दाखवून घ्या. मी सुट्टी टाकते, आपण दोघं जाऊ.


बदलापूर,
२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

दट्ट्या मिळाला! इतका सुंदर आहे की विक्रांत तो हातातून खाली ठेवत नाही. वाटीत अगदी चपखल बसला. पहिल्याच कपाला वर जाड साय आल्यासारखा तांबूस फेस आला, आणि विक्रांतने त्याचा फोटो ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवला.

आकडा: तीन ठिकाणी ५०.८०. तपासलं: मनाली वि. साळवे, २/९/२४.

आता कैलासदादांना दाखवा खुशाल. आईला सांगा, जेवताना बोलू दे तुम्हाला, आणि जेवण मात्र थंड होऊ देऊ नका.

लोभ आहे, तो कायम राहो.

आपली,
मनाली


अंबरनाथ,
१६ ऑक्टोबर २०२४

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद. अशोक विजयादशमीच्या शुभेच्छा तुला आणि विक्रांतला उशिराने.

उशीर होण्याचं कारण चांगलं आहे. मला लिहायला वेळ नाही. तुझं पत्र खिशात घालून मी कैलासकडे गेलो आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, मनालीताईने सही केली म्हणजे प्रश्न मिटला, काका, या. आणि लेथवरून बाजूला झाला. महिन्यापासून रोज चार तास उभा आहे. आता एका जीन्सवाल्या शेठच्या साठ मशीनचे दांड्यावर बसवायचे बुश माझ्याकडे दिलेत. शेठ येतो तेव्हा मला उस्ताद म्हणतो, आणि कैलासला पोरा.

एक गंमत सांगतो. मधे कॅम्पात डोळे तपासणीचं फुकट शिबिर होतं. कैलास ऑगस्टपासून माझ्या मागे लागला होता, नावही लिहून आला होता. मी म्हटलं, ५०.८० काढणाऱ्याचे डोळे तपासून डॉक्टर काय माझ्याकडून शिकणार आहे? त्याला पटलं. नाव खोडून आलो.

विक्रांतसाठी आणखी दोन वस्तू करतो आहे. भुकटी भरताना सांडत असणारच, तर वाटीवर बसेल असं ॲल्युमिनियमचं कडं, आणि चोथ्याच्या डब्यातला आपटायचा दांडा. तू मात्र आली नाहीस इतक्यात. एका स्टेशनाचं अंतर आहे. आई रोज विचारते.

लोभ आहे म्हणतेस तर तो अधूनमधून येऊन दाखवावा.

तुझा,
बाबा


बदलापूर,
२५ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

कंपनीत ऑडिट आहे म्हणून जमलं नाही, रागावू नका. कड्याची आणि दांड्याची घाई करू नका, विक्रांतचं रुखवत आता पुरं झालंय, घरात ठेवायला जागा नाही.

शिबिराचं ऐकून वाईट वाटलं. जाऊन यायला काय हरकत होती? डोळे चांगले असले तरी साठीनंतर दाखवावेत, असं आमच्या कंपनीचे डॉक्टर सांगतात. माझ्यासाठी जाऊन या ना. लेथवर बाही दुमडून उभे राहता ना?

लोभ आहे, काळजीही आहे.

आपली,
मनाली


अंबरनाथ,
२ नोव्हेंबर २०२४

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांचं पुराण तूही सुरू केलंस. आकडा तूच मोजलास ना? मग विषय संपला. डोळ्याने चुकलो असतो तर तूच पहिली सांगितली असतीस, तेवढं मी तुला शिकवलंय. ऑडिट झालं की ये.

तुझा,
बाबा


अंबरनाथ,
९ फेब्रुवारी २०२५

मनाली बाई,
आईचा आशीर्वाद.

मला तुझ्या बापासारखं लिहिता येत नाही. रात्रशाळेत शिकले तेवढं लिहिते, समजून घे. फोन केला असता पण मी फोनवर बोलायला लागले की हे समोर येऊन बसतात. ऐकू येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखतात. आत्ता ते कॅम्पात गेलेत.

परवा लेथमध्ये यांची बाही अडकली. कैलासने धावत जाऊन बटण बंद केलं. शर्ट फाटला, दंडाला खरचटलं, हात वाचला. घरी येऊन मला सांगितलं की खिळ्याला अडकून फाटला. कैलास पाठोपाठ आला तेव्हा खरं कळलं. तो बिचारा बाहेर चपला काढून उभाच राहिला, आत येईना. म्हणाला की काकांच्या उजव्या हाताची बाही फिरत्या चकापाशी, म्हणजे तुकडा पकडून फिरणाऱ्या तोंडापाशी, गेली ते त्यांना दिसलंच नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. ते बुश शेठने सगळे परत पाठवले होते. कैलास रात्र रात्र बसून स्वतः नवे करून देत होता आणि यांना काही बोलला नाही. मी म्हटलं का बोलला नाहीस. तो म्हणतो, माझे काका आहेत, कसं बोलू, आणि मनालीताईची सही होती, मला वाटलं चूक माझ्याच मोजण्यात आहे.

मीही बोलले नाही बाई. पाणी ओतताना पेल्याबाहेर जातं ते मी पुसते. उजवीकडच्या चौकटीला खांदा आपटतो, मी म्हणते दार अरुंद आहे. पेपर वाचताना उजवा डोळा मिटून वाचतात. मला वाटलं वय झालं. आणि तुझी सही मलाही आठवायची.

मला एवढंच सांग, तू मोजलेलं ते खरं होतं का?

कौसाबाईच्या हाती लगेच उत्तर दे. तिला मी काही बोलले नाही, पण ती म्हणाली की ताई, तुमचे मालक हल्ली पैसे माझ्या हातात न देता टोपलीत टाकतात.

तुझी,
आई


बदलापूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

आईच्या हातून हे पत्र घ्याल तेव्हा बसून वाचा. मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

तुमचा दट्ट्या ५०.८० नव्हता. तो ४९.८० होता. मी कंपनीतल्या मायक्रोमीटरवर तीनदा घेतलं होतं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी तुम्हाला खोटा आकडा लिहिला आणि त्याखाली सही केली. विक्रांतने दुसरा दट्ट्या मागवला, तोच आम्ही वापरतो. तुमचा काचेच्या कपाटात आहे.

१ सप्टेंबरला मी खरं लिहिलं होतं. ते पत्र सोबत जोडते आहे. ते कौसाबाईंना द्यायला खाली गेले आणि परत वर आले, कारण तुम्ही लिहिलं होतं की कारखाना सुटल्यापासून एवढा देखणा तुकडा झाला नव्हता. आई म्हणत होती तुम्ही जेवताना बोलता. मला वाटलं, कॉफीचाच तर दट्ट्या आहे, कोणाचं काय बिघडणार आहे. कंपनीत मी रोज माणसांचे तुकडे नापास करते, त्यांची तोंडं उतरतात, ते मला चालतं. तुमचं उतरलेलं बघवलं नसतं. माझ्या सहीने तुम्ही लेथवर जाल हे डोक्यात आलं नाही. मग तुमचं ऑक्टोबरचं पत्र आलं आणि ते लक्षात आलं, तेव्हा सांगायला धीर झाला नाही. ऑडिट खोटं होतं. तुमच्यासमोर बसून त्या दट्ट्याचं कौतुक ऐकायला मला तोंड नव्हतं, म्हणून आले नाही.

बाबा, आजच्या आज डोळे दाखवा. मला हवं ते बोला, पण आधी जा. क्षमा मागायला शब्द नाहीत.

आपली,
मनाली


अंबरनाथ,
१३ फेब्रुवारी २०२५

मनाली,

तुझी दोन्ही पत्रं वाचली. भिंग लावून, डाव्या डोळ्याने. हे अक्षर तुला लागेल तितकं वाच.

बरोबर एक मिलिमीटर. मी त्यावर दोन दिवस विचार केला. हात चुकला तर दोन-चार शतांश चुकतो, पाच चुकतो. हात कधी पूर्ण एकाने चुकत नाही. व्हर्निअरवरच्या बारीक रेघा मी बरोबर वाचल्या आणि मोठी रेघ एक सोडून वाचली. ती मला दिसलीच नाही. म्हणजे तुझ्या हातात सप्टेंबरमध्ये माझ्या दुखण्याचा कागद होता. कुठल्याही डॉक्टरआधी. आणि तुला ते कळलंही होतं, हे तुझ्या पहिल्या पत्रात तूच लिहिलंस.

ते पहिलं पत्र चांगलं होतं. ते पाठवायचं होतं.

कारखान्यात माझा एक तुकडा तपासनिसाने सत्तावीस जणांसमोर नापास केला होता. त्या माणसाशी मी नंतर तीस वर्षं चहा प्यालो. माझं तोंड उतरेल म्हणून तू घाबरलीस. उतरलं असतं, चार दिवसांनी परत वर आलं असतं. माझ्या तोंडाची एवढी काळजी कोणी करायला सांगितली होती? कैलासने केली, तुझ्या आईने केली, तू केलीस. सगळ्यांनी मिळून मला लहान मूल केलं आणि लहान मुलाला फिरत्या लेथजवळ सोडलं.

मी रागावलो आहे. सोमवारी कल्याणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आईबरोबर जातो आहे. तू आत्ता येऊ नकोस. आलीस तर मी काही तरी बोलेन आणि ते मागे घेता येणार नाही.

बाबा


अंबरनाथ,
४ मार्च २०२५

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं आहे, सांगणारा मी. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर पट्टी आहे, आणि उजव्याने कागद दिसत नाही. आई पेन घेऊन बसली आहे, तिची आज ओव्हरटाइमची पाळी आहे असं समज.

काचबिंदू निघाला. डोळ्यात आतून दाब वाढतो आणि नजर कडेपासून आत आत जात राहते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि ते तसंच राहणार. डाव्याची नजर निम्म्याहून बरीच जास्त शिल्लक आहे. दाब कमी करायचं ऑपरेशन नीट झालं, थेंब वेळेवर टाकले तर तो टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थेंबांचं वेळापत्रक आईने दारामागे लावलंय आणि ती त्याबाबतीत कारखान्याच्या भोंग्यापेक्षा कडक आहे.

कैलास रोज येतो. त्याला मी चांगला झापला, मग चहा दिला. लेथ बंद, हे मी त्याला सांगायच्या आधी त्यानेच मला तोंडावर सांगितलं. फार अवघड गेलं त्याला. सांगून झाल्यावर रडला. मला बरं वाटलं, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

आता तुझं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की नजर कमी झाल्याचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं. मी ऑगस्टचा शेवट सांगितला, आणि कसं तेही सांगितलं. मग मीच विचारलं, सप्टेंबरमध्ये आलो असतो तर?

इथे खाली आईने एक ओळ खोडली आहे, ती तुला दिसेल. ती मीच सांगितली होती. मी आईला म्हटलं, लिही, डॉक्टर म्हणाल्या की तेव्हा आला असतात तरी काही फरक पडला नसता. आईने लिहिलं. तिला ते आवडलं, ती म्हणाली पोरीचा जीव थाऱ्यावर येईल. मग मी तिला माझ्या कानाशी तोंड आणून पत्र पहिल्यापासून वाचायला लावलं, आणि त्या ओळीशी आल्यावर मला कळलं की तू सप्टेंबरमध्ये वर परत का गेलीस. इतके दिवस मला ते कळत नव्हतं. माझ्या तोंडूनसुद्धा ते किती सहज आलं. आईला ती ओळ खोडायला सांगितली तर ती ऐकेना, आमचं त्यावर चांगलं वाजलं. शेवटी खोडली.

डॉक्टर म्हणाल्या की सप्टेंबरमध्ये आलो असतो तर उजवा डोळा बराचसा वाचला असता.

हे वाचून तुला काय होईल ते मला माहीत आहे, बाळा. मी तिथे असतो तर तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं. पण हे न सांगता तुझ्या डोक्यावर हात ठेवला असता तर तो हात खोटा झाला असता, आणि तुला ते कधी तरी कळलंच असतं. डोळ्याचा दोष मी तुझ्या एकटीवर टाकत नाही. शिबिरातलं नाव मी माझ्या हाताने खोडून आलो होतो. बाही अडकली तेही मी लपवलंच. पण तुझ्या वाट्याचं जेवढं आहे तेवढं तुझं आहे, त्यातलं कमी करून सांगत नाही.

राग अजून आहे. थोडा उतरलाय, पुरता नाही. तो आहे म्हणून तू येऊ नयेस असं आता मला वाटत नाही. विक्रांतलाही आण. त्याची कॉफी मी प्यायलेली नाही, आणि आता रिकामा वेळ भरपूर आहे.

शनिवारी पट्टी निघेल. रविवारी या. आल्यावर माझ्या डाव्या हाताला बस, म्हणजे मला दिसशील.

लोभ होता तेवढाच आहे.

तुझा,
बाबा